इस्फहानची बाकी

वही मठातून आली, मेणकापडात गुंडाळलेली,
कडेवर उंदरांनी सही केलेली.
मोडी वाचायचे पानाला ऐंशी रुपये,
कूलर माझा, वीज माझी.
बाहेर महालात सेहेचाळीस अंश,
समोरच्या टिनावर कावळाही बसेना.

देवगीर, चेला हिरागीरचा. शके सोळाशे सहासष्ट.
नागपूर, सुरत, जहाज, बंदर अब्बास,
पुढे उंट.
पहिली चार पानं नुसता हिशेब:
नीळ इतकी, छीट इतकी, उंटाच्या औषधास दोन शाही.
"समुद्रात ओकलो, त्याची नोंद करीत नाही."

मग शहर.
"येथे बाजारास बाजारच म्हणतात.
दुकानास दुकान, दरवाजास दरवाजा.
आपले शब्द येथे आधीच येऊन
घरच्यासारखे मांडी घालून बसले आहेत.
परका तो मीच."

"नदी पुलाखालून जाते. पुलावर लोक बसतात,
ते कोठे जात नाहीत.
कबुतरांस बुरूज बांधले आहेत, माणसांच्या घरांहून उंच;
त्यांची घाण खरबुजांच्या मुळास घालतात.
खरबूज बहुत गोड. विचारले नसते तर बरे होते."

"जुल्फ्याचे अरमनी व्याज आपल्याहून पाव रुपया कमी घेतात,
त्यावरून त्यांसही देव असावा."

"भर उन्हाळ्यात बर्फ.
मातीच्या घुमटाखाली हिवाळा पुरून ठेवतात."
इथे मी उठले, माठातलं पाणी प्यायले,
परत त्याच ओळीवर येऊन बसले.

"शहाचे नाव कोणी घेत नाही.
'ते' म्हणतात, आणि छताकडे पाहतात."

"कहवाखान्यात म्हातारा चांभार भेटला, उस्ताद यदुल्ला.
वेढ्याच्या साली दुकानातले जोडे उकळून पोरांस घातले म्हणाला.
थोरल्यास डावा, धाकटीस उजवा.
धाकटी राहिली नाही.
अजून ओल्या कातड्याचा वास आला की भूक लागते,
मग लाज.
माझ्या वहाणेचा अंगठा शिवून दिला. पैसे घेईना."

पान सदुसष्ट. अक्षर इथे बारीक होतं.
"सराफ्यात पानदान पाहिले. दिल्लीचे. झाकणावर मोर.
आत कात अजून लागलेला.
दुकानदारास विडा ठाऊक नाही,
दागिन्यांची पेटी म्हणून विकतो.
मला राग आला. बहुत राग आला.
लुटीचा माल विकताना यांस"

वाक्य इथेच तुटतं.
खाली एक ओळ, खोडलेली,
दोनदा शाई फिरवून.
मी भिंग घेतलं, मोबाईलचा उजेड कागदामागून धरला.
एक अक्षर, मग दुसरं,
विहिरीतून भांडं वर यावं तशी ती ओळ आली:

"गुदस्ता फौज बंगाल्यातून परत आली
तेव्हा इतवारीत मलमल स्वस्त जाहली.
सात ठाणे घेतली. कोणाची, विचारले नाही."

पुढच्या पानावर: "पानदान एक, तेरा अब्बासी."
बस.
पुढे काबूस, केशर, रेशीम, परतीचं जहाज,
सगळ्याचा नफा-तोटा पैशापर्यंत लावलेला.
पानदान विकल्याची नोंद कुठे नाही.

महंतांना फोन केला. खोडलेलं घेऊ का?
"राहू द्या न ताई. पुस्तक निघून राहिलं,
सत्कार ठेवला आहे."

संध्याकाळी इतवारीत गेले, ब्लाउजचं अस्तर हवं होतं.
दुकानदारानं ठाण उलगडलं, हात फिरवला.
"घेऊन टाका, एकदम स्वस्त लागलं आहे."
कुठून आलं?
तो हसला. "तुम्हाले काय करायचं जी,
माल पाहा."

मी माल पाहिला.
चांगला होता.
अडीच मीटर घेतलं, आणि घरी येऊन
ती ओळ टाइप केली,
खोडल्याची रेघ तशीच ठेवून.